छपरावरची गार

आजीच्या माहेरी गार अडवणारा माणूस होता. वणीकडच्या त्या गावात सुतार, लोहार, कुंभार, म्हाली होते तसा गारपगारीही होता, आणि खळ्यावर रास लागली की त्याचं पायलीभर धान्य बाजूला निघायचं. माघ-फाल्गुनात गहू ओंबीवर आणि हरभरा घाट्यावर असताना आभाळ तांबूस-काळं झालं की तो हातात तलवार घेऊन मारोतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी करायचा. मग आवाज चढायचा. मग सरळ भांडण. "अंगावरचे कपडे काढून फेकायचा आन् म्हणायचा, वापस ने तुही गार, नाही त इथंच मरतो तुह्या पायरीवर," आजी सांगायची. "देवाले असं बोलाची परवानगी गावात तेवढ्या एकालेच होती."

आजीच्या गोष्टींना तिखटमीठ भरपूर असे. पण ही गोष्ट छापील सापडते. मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात गारपगारी ही वेगळी जात म्हणून नोंदली आहे. नाथजोग्यांशी नातं सांगणारी आणि गारपिटीपासून पीक राखणं हाच पिढीजात धंदा असलेली. तलवार, मारोतीला घातलेल्या धमक्या, कपडे फेकणं, सगळं तिथे आहे. पूर्वी म्हणे हा माणूस अंगावर वार करून घ्यायचा. ग्रंथ लिहिला गेला तोवर प्रकरण बोटातून थोडं रक्त काढण्यावर आलं होतं. आजीही बोटच सांगायची. म्हणजे तिने ऐकलेला गारपगारी हा त्या धंद्याच्या उतरत्या काळातला असणार.

मात्र लहानपणी माझ्या लक्षात न आलेली एक गोम तिच्या गोष्टीत होती. हा माणूस गार अडवायचा ती वावरासाठी. धान्य द्यायचे कास्तकार, तेही पीक वाचलं म्हणून. घरावर पडणाऱ्या गारेशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिली गार देवळाच्या पायरीवर आपटली की तोही तलवार सावरत आपल्या घराकडे पळायचा. आजीला हे अगदी रास्त वाटायचं. "वावर झाकता येत नाही, त्याच्यासाठी देव. घर झाकता येते, त्याच्यासाठी आपणच."

घरातल्या 'आपण'मध्ये मुख्यतः बायका. गारा सुरू झाल्या की आजी विळा अंगणात उलटा फेकायची, लोखंड पाहून गार फिरते म्हणून. फिरलेली मी कधी पाहिली नाही. मग पोरं आत, कोंबड्या टोपल्याखाली, चूल झाकलेली. आणि सगळं शांत झालं की स्वच्छ गारा वेचून त्यांचं पाणी शिशीत भरून देवळीत ठेवणं. उन्हाळ्यात कुणाला उष्णता झाली तर ते कामी यायचं. एवढ्या धामधुमीत ती हे विसरायची नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता छपराकडे येतो, कारण यवतमाळ जिल्ह्यात गार काय करील हे छपरावर ठरतं.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. तिथून पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला गेलं की कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. बांबूचे कूड, त्यावर मातीचा गिलावा, वर गवत. जुनी घरं अशीच. गवताच्या छपराला गारेचं भय नाही, त्याला भय ठिणगीचं. गार त्यात रुतते, विरघळते आणि पाणी उतारावरून निघून जातं. गावठाणातल्या कुणब्यांची, तेल्यांची, माळ्यांची घरं कवेलूंची. कुंभाराच्या हातचे अर्धगोल, पातळ कवेलू, एक उताणा आणि एक पालथा. खाली कामट्या, त्याखाली जंगलातून आणलेल्या सागाच्या बल्ल्या आणि मयाली. बोराएवढ्या गारेला हे कवेलू दाद देत नसत. आवळ्याएवढी पडली की काही तडकत. लिंबाएवढी पडली की घरातून आभाळ दिसे.

पण कवेलूचं एक बरं होतं. फुटला तेवढाच बदलायचा. प्रत्येक घराच्या मागे, गोठ्याला लागून, जास्तीच्या कवेलूंची थप्पी असायचीच. ज्याची संपली तो शेजाऱ्याकडून उसने न्यायचा आणि पुढच्या आव्यातून फेडायचा. तसंही वैशाखात कवेलू फेरावेच लागत. माणूस छपरावर चढून एकेक कवेलू उचलून, झाडून, सरळ करून पुन्हा मांडायचा. फाल्गुनातल्या गारेने ते काम दीड-दोन महिने अलीकडे आणलं, एवढंच. कुंभारालाही हा हंगाम सोयीचा. चैत्राच्या उन्हात कच्चे कवेलू खडखडीत वाळत, आवा चांगला पेटे, आणि मृगाच्या आत गावातली छपरं पुन्हा बंद होत. निसर्गाने गार पावसाळ्याच्या तोंडावर न पाठवता थोडी आधी पाठवली, ही आमच्या भागावर केलेली मेहेरबानीच म्हणायची.

मग भीती कसली होती? कापसाची.

कापूस उन्हाने किंवा दुष्काळाने वावरात गेल्याच्या कहाण्या सगळ्यांना ठाऊक आहेत. घरात गेलेल्या कापसाची कुणी कहाणी करत नाही. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते, आणि भाव पडलेला असेल तर कास्तकार कापूस घरातच ठेवतो. बैठकीच्या खोलीत, माजघरात, कधी कधी खाटेसकट झोपायची जागा खाऊन टाकत, छताला टेकेपर्यंत. ही रीत जुनी. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला, तेव्हापासून इथल्या घराची खोली गोदाम झाली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर छोटी रेल्वे आली, जिला सगळे शकुंतला म्हणतात, तीही मुळात कापूस वाहायलाच. 1972 साली राज्याची एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर गाडीचा नंबर लागेपर्यंत कापूस घरात, आणि ती योजना गेल्यावर भाव चढेपर्यंत कापूस घरात. वर्षभराची कमाई एका खोलीत, आणि त्या खोलीवर काय? दोन बोटं जाडीची भाजलेली माती.

आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, तोंडून ऐकलेली सगळ्यात वाईट गार अशाच घरातल्या कापसावर पडली. दिवस शिमग्याच्या आसपासचे. दुपारभर उकाडा, वारा पडलेला. मग पश्चिमेकडून जातं फिरावं तशी न थांबणारी घरघर. एरवीचा गडगडाट कडाडतो आणि थांबतो, हा थांबेना. म्हातारी माणसं त्या आवाजावरूनच ओळखत. "आभाय जात्यावानी वाजलं का समजाव, दाणा जाडा हाये," आबाजी म्हणायचे. गारा पडून गेल्यावर माणसं हुश्श करत होती, तोच मागून पाऊस आला. फुटलेल्या छपरातून तो थेट कापसावर. आबाजी, माझे थोरले काका मोठेबाबा आणि दोन गडी रात्रभर ओला कापूस वरच्या थरातून उपसून ओसरीवर नेत राहिले, आणि आजी दर थोड्या वेळाने ढिगात हात कोपरापर्यंत खुपसून आत ऊब धरली का ते बघत राहिली. ओला कापूस दाबून राहिला की आतून तापतो, पिवळा पडतो. त्या वर्षी व्यापाऱ्याने निम्मा भाव दिला. "वावरातली गार सरकारनं पाहिली," आबाजी म्हणायचे, "घरातली कोणं पाहाची?"

हे वाक्य मी फार वर्षं डोक्यात बाळगून आहे. वऱ्हाड 1853 साली निजामाच्या ताब्यातून इंग्रजांकडे आलं. आधी वणी नावाने ओळखला जाणारा आमचा जिल्हा 1905 साली यवतमाळ झाला. पुढे राज्यं बदलली, मध्यप्रांत गेला, मुंबई आलं, महाराष्ट्र आला. दप्तरात गारेचा रकाना मात्र पिकाच्याच पानावर राहिला. त्यालाही कारण आहे. सरकारला सारा वावरातून मिळायचा, छपरातून नाही. पीक बुडालं तर सूट द्यायची की नाही एवढाच सवाल असे, आणि तो सवाल घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबे.

गार येते कुठून, याचं उत्तर गारपगाऱ्याने मारोतीवर सोपवलं होतं. आता निदान कशी बनते ते तरी सांगता येतं. हिवाळा सरताना उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकत येतात, त्यांच्यासोबत उंचावर थंड हवा असते. खाली बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आलेला असतो आणि विदर्भाची जमीन तापू लागलेली असते. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्यात गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं. ते बर्फाच्या कणावर चिकटून गोठत जातं. वर चढणारा झोत जोवर पेलतो तोवर गार ढगात पोसली जाते, जड झाली की सुटते. गार कापून पाहिली तर आत पांढरे आणि काचेसारखे थर एकावर एक दिसतात. मे महिन्यात गोठणाची उंची आणखी वर जाते, खाली येईतो बरीच गार वितळते. पावसाळ्यात तर ढगातला झोतच तेवढा जोरकस नसतो. म्हणून आमची खरी गार फेब्रुवारी ते एप्रिलची, आजीच्या माघ-फाल्गुन-चैत्राची.

घरमालकाने यातली एकच गोष्ट पाठ करावी. गार दुप्पट जाड झाली की तिचं वजन आठपट होतं, आणि जड गार जास्त वेगाने पडत असल्याने तिचा मार जवळजवळ सोळापट होतो. म्हणून बोर आणि लिंबू यांत फरक दिसतो थोडा, पण छपराला तो फार मोठा कळतो. उघड्यावर सापडलेल्या माणसाला तर विचारायलाच नको. उत्तर प्रदेशात मुरादाबादकडे 30 एप्रिल 1888 रोजी पडलेल्या गारपिटीत 246 माणसं मेली. गारेने घेतलेल्या बळींत जगभर हाच आकडा आजही सगळ्यात वर धरला जातो. छप्पर फुटकं असलं तरी डोक्यावर असावं, ते यासाठी.

कवेलू आमच्या गावातून गारेने घालवले नाहीत. ते वानरांनी घालवले. जंगल विरळ झालं तसे वानरांचे कळप गावात शिरले आणि एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत त्यांनी एका आठवड्यात जेवढे कवेलू फोडले तेवढे गारेने दहा वर्षांत फोडले नसतील. त्यातच सागाची बल्ली परवान्याशिवाय मिळेना, कुंभाराची पोरं यवतमाळला कामाला लागली, छपरावर चढून कवेलू फेरणारा माणूस म्हातारा होऊन उतरला तो परत कुणी चढलं नाही. मग टिनं आली. वानराने उडी मारली तर दणका होतो, फुटत मात्र काही नाही. उन्हाळ्यात घराची भट्टी होते आणि पाऊस आला की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, पण कापूस कोरडा राहतो. मोठेबाबांनी जुन्या घरावर सोळा टिनं चढवली तेव्हा आजीने पहिल्याच पावसात कानांवर पदर धरला आणि म्हणाली, "घर झालं का डफडं झालं रे?"

टिनाचा हिशोब कवेलूच्या उलटा आहे. लहान गार त्याचं काही बिघडवत नाही, पोचे पडतात तेवढेच. पण टीन गारेने कमी आणि गारेसोबतच्या वाऱ्याने जास्त जातं, आणि जातं ते अख्खं. हूक-बोल्ट गंजलेला, वायसर चुरा झालेला, कडेचा पाइप सैल. वारा खालून शिरतो आणि दहा फुटी पत्रा धारदार पात्यासारखा गावभर फिरतो. त्यावर उपाय म्हणून लोक टिनावर दगड ठेवतात. हा उपाय मला कधीच पटला नाही. वारा दगडाला जुमानत नाही आणि दगड मात्र खाली झोपलेल्या माणसावर पडतो. त्यापेक्षा संक्रांत झाली की शिडी लावून कडेच्या ओळीतले बोल्ट आवळावेत, वायसर बदलावेत, दोन ओळींतलं अंतर जास्त असेल तर मध्ये एक पाइप टाकावा. घेताना अर्ध्या मिलिमीटरचं टीन घ्यावं. दुकानात स्वस्त म्हणून पुढे केलं जातं ते याहून पुष्कळ पातळ असतं, आणि दहा वर्षांचा गंज चढल्यावर लिंबाएवढी गार त्यातून आरपार जाते. सिमेंटचे जुने पत्रे त्याहून वाईट. ते वाकत नाहीत, एकदम तडकतात.

शिवाय टीन उसनं मिळत नाही. थप्पी गोठ्यामागे नसते, ती तालुक्याच्या दुकानात असते, रोख पैशाला.

फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये राज्याने पाहिलेली गारपीट अनेकांना आठवत असेल. दोन-तीन आठवडे रोज कुठे ना कुठे. 28 जिल्ह्यांत गहू, हरभरा, संत्री, द्राक्षं झोपली; लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि सरकारने चार हजार कोटींची मदत जाहीर केली. हेक्टरी हिशोब झाले, ते व्हायलाच हवे होते. 2025 च्या खरिपापर्यंत राज्याच्या पीकविम्यातही गार होती: उभ्या पिकावर पडली तर 72 तासांच्या आत कळवायचं, कापणी करून शेतात वाळत टाकलेलं पीकही 14 दिवसांपर्यंत धरत. पण तोच माल घरात आणून ठेवला की तो पीक राहत नाही. आबाजींचा माजघरातला कापूस त्या योजनेतही कुठल्याच रकान्यात बसला नसता. घराचा विमा काढावा म्हटलं तर 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी कंपन्यांनी ठेवली आहे, हप्ताही फार नाही. मात्र ती मुळात घराची आणि घरगुती सामानाची, विकायच्या मालाची नव्हे. घेताना गार, टिनाचं छप्पर आणि मातीची भिंत या तिन्हींबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते स्वतः वाचावं, एजंटाच्या तोंडी हमीवर राहू नये.

स्लॅबच्या घरात राहणारे माझे यवतमाळचे नातेवाईक या सगळ्या बोलण्यावर हसतात. खरं आहे, स्लॅबला गार काय करणार? पण त्यांनीही गच्चीवर जाऊन बघावं. पाण्याची प्लास्टिकची टाकी तिथे उन्हाने कडक होऊन बसली आहे, कूलर काढून ठेवला आहे, आणि आता सोलर आलं. 'पीएम सूर्य घर' योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान आहे, आणि गच्च्या निळ्या होऊ लागल्या. या पॅनेलची गारेची चाचणी ठरलेली आहे: 25 मिलिमीटरचा बर्फाचा गोळा, सेकंदाला 23 मीटर वेगाने काचेवर मारतात. म्हणजे आवळ्याएवढी गार ते सोसतं. लिंबाएवढी, चार सेंटीमीटरची धरली, तर मार त्याच्या साडेसहापट. बसवून देणाऱ्याला पॅनेल किती मोठ्या गारेला तपासलं आहे हे विचारणारा माणूस अजून मला भेटला नाही. युनिट किती पडतील हे सगळे विचारतात. शिवाय झाडाचा पाला आणि गारा मिळून गच्चीचा पाइप बुजवतात, पाणी तुंबतं आणि दोन दिवसांनी खालच्या खोलीत भिंत ओली दिसते. ही ओल गारेची आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आता नागपूरच्या रडारवर ढग दिसतो, मोबाइलवर पिवळा-नारिंगी इशारा येतो, दोन-तीन तास हातात मिळतात. तेवढ्या वेळात गाडी आडोशाला आणि ताडपत्री कापसावर एवढं होतं.

मोठेबाबांच्या सोळांपैकी तीन टिनं अशाच एका चैत्रात गेली. दोन फाटली, एक उडून बाभळीत अडकलं. पंचनाम्याला तलाठी आला, भला माणूस होता. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत घराची निदान पंधरा टक्के पडझड झाली असेल तर कच्च्या घराला 4,000 आणि पक्क्याला 6,500 रुपये होते. मोठेबाबांनी बोटांवर हिशोब केला. सोळांत तीन म्हणजे पंधराच्या वरच.

"छपराचे नाही दादा, घराचे पंधरा टक्के," तलाठी म्हणाला. "भिंती शाबूत आहेत तुमच्या."

"भितीले कुठी गार लागते साहेब? गार त वरूनच पडते."

तलाठ्याने वहीवरून नजर उचलली, भिंतीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गोठ्याला तीन हजार आहेत. गोठ्याचं काही नुकसान झालं असेल तर सांगा, लिहून घेतो."

मोठेबाबा जरा वेळ गप्प राहिले. खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता.

"गोठा त गवताचा हाये," ते म्हणाले. "त्याले काहीच झालं नाही."